साळवेकाका आधी पत्ता वाचतात

आम्हा चंदीगढमधल्या मराठी लोकांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. त्यात फौजेतली कुटुंबं आहेत, मोहालीत नोकरी करणारे माझ्यासारखे लोक आहेत, आणि कधीकाळी बदली होऊन आलेले, मग इथेच राहिलेले काही जुने लोक आहेत. रोज सकाळी तिथे कोणीतरी गुलाबावरचे दवबिंदू पाठवतं आणि खाली लिहितं, 'आजचा दिवस आपणांस आनंदाचा जावो.' पाच-सात मिनिटांत शांतवन साळवे यांचं उत्तर येतं, 'हा मजकूर मूळ कोणाला उद्देशून?'

नव्या माणसाला ही थट्टा वाटते. एका विंग कमांडरच्या बायकोनं एकदा हसून लिहिलं, 'सगळ्यांनाच, काका.' काकांनी उत्तर दिलं, 'सगळ्यांना म्हणजे नक्की कोणाला ते कळल्यास आनंद स्वीकारता येईल.' त्या बाईंनी पुढे आठवडाभर दवबिंदू पाठवले नाहीत.

साळवेकाका थट्टा करत नव्हते. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

मी मूळची साताऱ्याची. मोहालीतल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करते आणि मनीमाजऱ्यात साळव्यांच्या वरच्या मजल्यावर एकटी राहते. मनीमाजऱ्याला आता कागदोपत्री सेक्टर तेरा म्हणतात. गावातलं कोणी म्हणत नाही. भाजीवाला, रिक्षावाला, दूधवाला, सगळ्यांच्या तोंडी मनीमाजराच आहे. फक्त साळवेकाकांनी दारावरची पाटी ताबडतोब बदलून घेतली. नव्या पाटीवर वर मोठं 'सेक्टर १३' आणि खाली कंसात मनीमाजरा आहे. त्यामुळे पहिले दोन महिने त्यांचं पार्सल येणं बंद झालं, पण पाटी त्यांनी उतरवली नाही.

काका मूळचे नगरकडचे. सगळी नोकरी फौजेच्या टपाल खात्यात झाली. बर्फातल्या ठाण्यांपासून वाळवंटातल्या छावण्यांपर्यंत त्यांनी पत्रं वाटली. काकू, म्हणजे रत्नमाला साळवे, इथल्या एका हॉस्पिटलात नर्स होत्या. त्या निवृत्त होईपर्यंत दोघं इथे राहिले आणि मग नगरला परत जाण्याचं कारणच उरलं नाही. मुलगी बंगलोरला. ती फोनवर मराठी ऐकते आणि हिंदीत उत्तर देते. काका दर वेळी तिला विचारतात, हे उत्तर मला आहे का आणखी कोणाला.

माझी पहिली खरी ओळख झाली ती मी खाली शिऱ्याची वाटी घेऊन गेले तेव्हा. टेबलावर एक जाडजूड, कडा झिजलेलं पवित्र शास्त्र, म्हणजे मराठी बायबल, उघडं होतं आणि काका त्यावर निळी पेन्सिल चालवत होते. शेजारी हिरवी आणि लाल पेन्सिल टोकं काढून ठेवलेली. मी सहज विचारलं, आवडलेल्या ओळी रंगवता का. काकांनी चष्मा काढला. तेवढ्यात काकू आतून म्हणाल्या, "पोरी, बसून घे आता. तासभर उठत नाहीस तू."

तासाभरात मला कळलं ते असं. देवानं माणसाचा इतिहास सात कारभारांत वाटलेला आहे. प्रत्येक कारभाराचे हुकूम वेगळे, वचनं वेगळी. आपण सध्या सहाव्यात आहोत, त्याचं नाव कृपेचं युग. सातवं राज्याचं, ते अजून यायचं आहे. लोक घोटाळा करतात तो इथे. पाचव्याला लिहिलेलं स्वतःला लावून घेतात, सातव्याचं आजच मागतात, आणि मग देव ऐकत नाही म्हणून रडतात. जे इस्राएल लोकांना उद्देशून आहे त्याला निळा रंग. जे मंडळीला, म्हणजे ख्रिस्ती लोकांना, त्याला हिरवा. जे इतर राष्ट्रांना त्याला लाल.

"आता चंदीगढच बघा," काका म्हणाले. "सेक्टर सतराचं दुकान तुम्ही बावीसमध्ये शोधलंत तर सापडेल का? दुकान खोटं नाही. तुम्ही चुकीच्या सेक्टरात उभ्या आहात."

मी पानं उलटली. येशूची कथा सांगणारी चारी शुभवर्तमानं जवळजवळ निळीशार होती. मी विचारलं, येशूचं सगळं बोलणं निळं, मग तुमच्या वाट्याला काय आलं? काकांनी मागची पानं काढून दाखवली. तिथे येशूचा प्रेषित पौल यानं ठिकठिकाणच्या मंडळ्यांना लिहिलेली पत्रं होती आणि ती एकजात हिरवी होती. टपाल खात्यातल्या माणसाला शेवटी पत्रंच सापडावीत यात मला नवल वाटलं नाही. पण मी साताऱ्याची, गप्प बसवेना. मी म्हटलं, काका, ही तरी रोमच्या नि करिंथच्या लोकांना लिहिलेली आहेत, तुम्ही तर नगरचे.

काकांना राग आला नाही. उलट त्यांचे डोळे चमकले. "पलटण तीच, फक्त गाव बदललं," ते म्हणाले. "फौजेच्या पत्रावर गावाचं नाव नसतंच कधी. नंबर असतो. पलटण हलली की पत्र तिच्या मागे जातं."

काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. त्यांचंही एक शास्त्र होतं, फ्रीजवर ठेवलेलं. त्याला कुठलाच रंग नव्हता, हळदीचा सोडून. त्यांनी शिरा खाता खाता मला सांगितलं, "मला तर बाई सगळंच माझं वाटतं." काकांनी मान हलवली आणि पेन्सिलीला टोक काढायला घेतलं. हा वाद त्या घरात चाळीस वर्षं चालू होता आणि दोघांनाही तो संपवायचा नव्हता.

काकांचा सिद्धांत गल्लीत कसा वापरला जायचा ते मी गच्चीवरून पाहिलं. समोरचे सेठीजी आपली गाडी नेहमी साळव्यांच्या फाटकासमोर लावत. एका सकाळी काका खाली उतरले आणि गाडी काढायला सांगितली. सेठीजी मोकळ्या स्वभावाचे. ते हसत म्हणाले की अंकलजी, आपके यहाँ तो एक गाल पर पड़े तो दूसरा आगे करते हैं, आप गाड़ी की बात कर रहे हैं. काका सावधान उभे राहिले.

"सेठीजी, वो हुक्म राज्य के लिए है. अभी कृपा का युग चल रहा है. गाड़ी हटाइए."

सेठीजींनी गाडी हटवली. मला वाटतं, नुसतं बुचकळ्यात पडून. पण त्याच आठवड्यात सेठीजींची आई पडली, तेव्हा काका तीन दिवस सकाळी जाऊन त्यांना पेपर वाचून दाखवत होते. मी विचारलं, हे कुठल्या कलमाखाली? काका म्हणाले, शेजाऱ्याशी चांगलं वागायची आज्ञा पौलाच्या पत्रातही आहे, आणि ती हिरवी आहे. म्हणजे माणूस चांगलाच वागणार, पण बरोबर पत्त्यावरून.

चर्चमध्ये मात्र हे प्रकरण अवघड झालं होतं. आमच्या भागातलं चर्च लहान, प्रार्थना हिंदी-पंजाबीत. एका नाताळला काकू मला घेऊन गेल्या होत्या. शेवटी सगळे उभे राहिले आणि एका सुरात प्रभूची प्रार्थना म्हणायला लागले. येशूनं शिष्यांना शिकवलेली ती प्रार्थना जगातल्या प्रत्येक चर्चमध्ये म्हणतात, एवढं मलाही ठाऊक होतं. माझ्या शेजारी काकू ती मराठीत म्हणत होत्या, मोठ्यानं, चाळीस हिंदी आवाजांत एकटीच मराठी. आणि त्यांच्या पलीकडे साळवेकाका ओठ घट्ट मिटून, छाती काढून, परेडवर असल्यासारखे उभे होते.

परत येताना मी कारण विचारलं. काका म्हणाले, ती प्रार्थना सातव्या युगातल्या, राज्याच्या लोकांची आहे. त्यात देवाकडे क्षमा मागताना आधी आपण इतरांना क्षमा केली आहे असं सांगावं लागतं. म्हणजे तुम्ही कराल तेवढी मिळेल. कृपेच्या युगात क्षमा आधीच मिळालेली असते आणि मिळाली म्हणून आपण दुसऱ्याला करतो. क्रमच उलटा आहे. दुसऱ्याच्या नावाचा कागद आपण सही करून घ्यायचा नसतो. गेली तीस वर्षं त्यांनी ती म्हटली नव्हती.

चर्चचे पास्टर तरुण होते आणि गुरदासपूरकडचे होते. ते दोन गल्ल्या सोडून राहत. येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनावर त्यांनी उपदेश केला की चार दिवसांनी त्यांना साळव्यांचं चार पानी पत्र मिळे. स्पीड पोस्टनं. पास्टर एकदा मला रस्त्यात भेटले तेव्हा म्हणाले, बहनजी, अंकल हाथ में ही दे दिया करें. मी निरोप दिला. काका म्हणाले, हातात दिलेल्या कागदाला पत्र म्हणत नाहीत.

हे सगळं असंच चालू राहिलं असतं. पण जानेवारीतल्या एका सकाळी जिन्यातून काकांची हाक आली. ते कधी हाक मारत नसत, फोन करत आणि आधी 'मेघनाताईंशी बोलायचं आहे' असं म्हणत. मी खाली धावले. काकू स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसल्या होत्या. उजवा हात लोंबत होता, तोंड एका बाजूला गेलं होतं आणि डोळे उघडे होते. बाहेर धुकं इतकं की समोरचं घर दिसत नव्हतं. सेठीजींनी गाडी काढली, दिवे लावून, हॉर्न वाजवत वाजवत आम्हाला हॉस्पिटलपर्यंत नेलं. सगळ्या वाटेत काका काकूंचा हात धरून बसले होते.

काकू वाचल्या. हातात हळूहळू थोडी ताकद येऊ लागली, पायही उचलू लागल्या. वाचा मात्र गेली. म्हणजे आवाज होता, पण शब्द सापडत नव्हता. पाणी हवं असलं की त्या ओठ हलवत, डोळ्यांत पाणी येई आणि तोंडातून नुसतं 'अं, अं' निघे. समोरच्याचं सगळं कळत होतं. ज्या बाईनं आयुष्यभर भाजीवाल्याशी पंजाबीत, डॉक्टरांशी हिंदीत आणि नवऱ्याशी मराठीत भांडण केलं तिला एका भाषेतला एक शब्द येईना. मुलगी आली, तीन आठवडे राहिली, रडली आणि सुट्टी संपली म्हणून गेली.

घरी आणल्यावर स्पीच थेरपिस्ट येऊ लागली. पंचविशीची हुशार पंजाबी मुलगी. तिनं काकांना समजावलं की अंकल, जे यांना लहानपणापासून पाठ आहे ते मेंदूत वेगळ्या ठिकाणी असतं. तिथून सुरुवात करू. आकडे, वार, एखादं गाणं, काहीही. काकांनी वही केली. एक ते दहा आकडे काकूंना आले, अकराला गाडी थांबली. वार शुक्रवारपर्यंत गेले. मग काकांनी आपल्या डोक्यातलं जे जे पाठ होतं ते आणलं. पिन कोड म्हणून पाहिले. सात युगांची नावं क्रमानं म्हणून पाहिली. काकूंनी पहिल्या नावालाच डोळे मिटून घेतले. ती यादी त्यांनी चाळीस वर्षं ऐकली होती आणि पाठ न करण्याचा निश्चय केला होता.

एका रविवारी दुपारी पास्टर आणि चर्चमधली चार माणसं भेटायला आली. मीही होते. पास्टरनी थोडक्यात प्रार्थना केली आणि शेवटी सगळ्यांनी मिळून हिंदीत प्रभूची प्रार्थना सुरू केली. दुसऱ्या ओळीला मला पलंगावरून आवाज आला. काकू मराठीत म्हणत होत्या. जड जिभेनं, शब्द घसरत होते, पण शब्द होते, एकामागून एक, ओळच्या ओळ. पास्टर थांबले. बाकीचेही थांबले. सगळे थांबल्याबरोबर काकूही थांबल्या आणि घाबरून इकडेतिकडे बघू लागल्या. दोरी हातातून सुटल्यासारख्या.

मी काकांकडे पाहिलं. ते भिंतीला टेकून उभे होते, ओठ मिटलेले.

दुसऱ्या दिवशी थेरपिस्टला हे सांगितलं तेव्हा ती खुश झाली. म्हणाली, हाच धागा आहे. सकाळ-संध्याकाळ ही प्रार्थना यांच्याबरोबर म्हणायची. बरोबर, हे महत्त्वाचं. त्या अडकतील तिथे पुढच्या शब्दाचं पहिलं अक्षर द्यायचं. हळूहळू यातले शब्द सुटे होतील आणि मग त्यांचे स्वतःचे येतील. कोण म्हणेल बरोबर? काका खिडकीतून बाहेर बघत होते. ती गेल्यावर त्यांनी वहीचं पान फाडलं, सुंदर अक्षरात सगळी प्रार्थना लिहिली आणि माझ्या हातात दिली.

"तुम्ही म्हणा, मेघनाताई. तुमच्यापुढे युगाचा प्रश्न नाही."

मी कामावर जायच्या आधी खाली आले, पलंगाशेजारी बसले आणि कागदावरून वाचू लागले. काकूंनी माझ्याकडे बघितलं आणि मग मान वळवून काकांकडे. मी पुन्हा पहिली ओळ वाचली. काकूंनी तोंड उघडलं नाही. तीन दिवस मी सकाळ-संध्याकाळ वाचत राहिले. तीन दिवस त्या माझ्या वाचनाकडे पाठ करून दाराजवळ उभ्या असलेल्या नवऱ्याकडे बघत राहिल्या. रागानं नाही. वाट बघत असल्यासारख्या.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी वैतागले. बाहेर ओट्यावर येऊन मी काकांना म्हटलं की मला तुमच्या धर्मातलं कळत नाही, पण चार ओळी म्हटल्यानं देव एवढा रागावत असेल असं मला वाटत नाही. मला वाटलं, आता तासभर युगं ऐकावी लागणार. काका पायरीवर बसले. मग त्यांनी मला जे सांगितलं ते काकूंखेरीज कोणाला माहीत नव्हतं.

नोकरीत नवे असताना ते डोंगरातल्या एका ठाण्यावर टपाल लावत. त्या पलटणीत एकाच नावाचे दोन जवान होते, गुरमेल सिंग. नंबर वेगळे. एकदा बर्फात भिजलेल्या थैलीतून एक पत्र निघालं. नाव दिसत होतं, नंबर पुसट झाला होता. नियम असा की खात्री होईपर्यंत थांबायचं. पण घरच्या पत्राची वाट बघणारी माणसं खिडकीपाशी उभी होती आणि साळवे बावीस वर्षांचे होते. त्यांनी ते पहिल्या गुरमेलला दिलं. आत गुरुमुखीत दोनच ओळी होत्या, गावातल्या कोणाकडून तरी लिहवून घेतलेल्या. बापू गेला, लवकर ये. तो गुरमेल तिथेच खाली बसला. त्याला रजा मिळाली, तीन दिवस पायी उतरून, मग गाडीनं तो गावी पोचला. बाप अंगणात खाटेची दोरी विणत बसला होता.

"तो परत आला तो गूळ घेऊन," काका म्हणाले. "मला मिठी मारली त्यानं. हसत होता. पत्र होतं दुसऱ्या गुरमेलचं, आणि त्याला कळेपर्यंत सोळा दिवस गेले होते. त्याचं सगळं आटोपलं होतं घरी. तो मला काही बोलला नाही. एक शिवी दिली असती तरी बरं झालं असतं. बदली होईपर्यंत रोज खिडकीशी यायचा आणि विचारायचा, मेरी कोई चिट्ठी?"

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले.

"बातमी खोटी नव्हती, मेघनाताई. एक अक्षर खोटं नव्हतं. फक्त माणूस चुकला." त्यांनी हात गुडघ्यांवर ठेवले. "चर्चमध्ये लोक उठतात आणि दिसेल ते वचन स्वतःच्या नावावर करून घेतात. पोर बरं होईल, नोकरी लागेल. त्यांच्या तोंडावर आनंद असतो. मला तो गूळ आठवतो. दुसऱ्याची आशा आपण घेतली आणि ती आपली नव्हतीच असं मागून कळलं तर काय करायचं? हिला काय सांगू मी?"

तेव्हा मला कळलं की तीस वर्षं ओठ मिटून उभा राहणारा हा माणूस हट्टी होता, पण त्याहून जास्त तो घाबरलेला होता. मी एवढंच म्हटलं की काकू माझ्याबरोबर म्हणत नाहीत, आणि त्यांना बाकी काही येत नाही.

काका उठले आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा टाकला होता तेव्हा खालून आवाज आला. आधी मला वाटलं कवायत चालू आहे. काका एकेक शब्द हुकूम सोडल्यासारखे म्हणत होते आणि त्यांच्यामागून काकूंचा जड, घसरणारा आवाज येत होता. मध्येच शांतता. मग काकांनी पहिलं अक्षर दिलं. पुन्हा दिलं. मग काकूंना शब्द सापडला. क्षमेच्या ओळीपाशी दोघंही अडकले. काकूंना शब्द सापडेना म्हणून, आणि काका का थांबले ते मी वरून सांगू शकत नाही. शेवटी काकांनीच अक्षर दिलं. मी गॅस बंद करून जिन्यात जाऊन बसले होते.

पुढे रोज हे चालू झालं. सकाळी साडेसातला आणि संध्याकाळी सहाला. मी काही दिवसांनी काकांना हळूच विचारलं की मग आता निळ्याचं हिरवं झालं का. काकांनी ठामपणे नाही म्हटलं. सिद्धांत जसाच्या तसा होता, पेन्सिली जागच्या जागी होत्या, आणि पास्टरांना मार्चमध्ये स्पीड पोस्टनं पत्रही गेलं होतं. मग त्यांनी आपला चष्मा पुसला. "एक बघितलं मी," ते म्हणाले. "त्या प्रार्थनेत 'मी' कुठेच नाही. 'आम्ही', 'आम्हाला', 'आमचं'. एकट्या माणसानं म्हटली तर व्याकरण चुकतं. तिला एकटीला कसं म्हणू देणार?"

चर्चमध्ये ते अजूनही ओठ मिटून उभे राहतात, असं पास्टर सांगतात. तिथे चाळीस माणसं असतात, काकांची गरज नसते.

एप्रिलपर्यंत काकू प्रार्थना सबंध म्हणू लागल्या. थेरपिस्ट समाधानी होती, पण काका नव्हते. काकूंच्या तोंडून या प्रार्थनेबाहेरचा एकही शब्द अजून आला नव्हता. साधा 'पाणी'सुद्धा नाही, कारण प्रार्थनेत पाणी नाहीच. काका ते बोलून दाखवत नसत. दिवसभर स्वयंपाक करत, कपडे धूत, काकूंचा हात चोळत आणि वही भरत.

महिनाअखेरीस मी साताऱ्याहून ज्वारीचं पीठ आणलं होतं. रविवारी सकाळी काकांनी भाकरी करायचं ठरवलं. काकू खुर्चीत, मी त्यांच्या शेजारी भाजी निवडत, आणि काका आत तव्यापाशी. साडेसात कधीच होऊन गेले होते, म्हणून काकांनी आतूनच प्रार्थना सुरू केली. काकू बाहेरून साथ देत होत्या. रोजच्या भाकरीच्या ओळीपाशी आल्यावर काकू 'भाकर' म्हणाल्या आणि थांबल्या.

आतून काकांनी पुढच्या शब्दाचं अक्षर दिलं. काकू गप्प. काकांनी आणखी मोठ्यानं दिलं. काकूंनी नाक वर केलं, वास घेतला, डावा हात उचलून स्वयंपाकघराकडे दाखवला आणि म्हणाल्या,

"करपली."

भाजी माझ्या हातातून खाली पडली. काका चिमटा हातात घेऊन दारात आले. त्यांच्या मागे धूर दिसत होता.

"काय म्हणालीस?"

काकूंनी कपाळाला आठ्या घातल्या. शब्द शोधत होत्या, पण या वेळी त्या घाबरल्या नव्हत्या, चिडल्या होत्या.

"करपली. काढा की."

काकांनी ती काढली नाही. ते तिथेच उभे राहिले आणि धूर होत राहिला. शेवटी मीच आत जाऊन गॅस बंद केला. भाकरी एका बाजूनं काळी कोळसा झाली होती. मी ती टाकून देत होते तर काकांनी माझ्या हातातून ताटली घेतली, पलंगाच्या कडेवर काकूंसमोर बसले आणि खाऊ लागले. मी म्हटलं, दुसरी करते. त्यांनी मान हलवली. ते एकेक तुकडा मोडून खात होते, आणि प्रत्येक घासाला काकू तोंड वाकडं करून तोच एक शब्द त्यांना पुन्हा पुन्हा सांगत होत्या.